ओठात धरलेला दोरा

तुये गावातल्या कारखान्याच्या फाटकाशी ती रोज अबोली विकायला बसायची. तिचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता. गजरा गुंफताना केळीचा दोरा ती त्या फटीतच धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहत.

मला दिवस गेले होते. गडहिंग्लजहून नवीनच आलेली, घरात मोठं कुणी नाही. पौर्णिमेच्या तिन्हीसांजेला भाजी चिरून दार उघडलं, तर डोंगरावर चंद्र अर्धाच. ग्रहण लागूनच उगवला होता. "आता बाळाचा ओठ फाटायचा," शेजारीण म्हणाली.

त्यानंतर मी फुलवालीकडे न बघता जाऊ लागले. एका सकाळी तिनंच हाक मारली.

"गिराणात कायतरी चिरलंस मगे? गिराण झाला की पोटुशी बायलो माका चुकयतत."

मला रडू फुटलं.

तिनं दोरा ओठातून काढला. "मी पोटात आसताना माजी आवस गिराणात खाटीवरसून उठाक नाय. विळयेक हात लावक नाय. तरी मी अशी."

मग तिनं दोरा पुन्हा ओठात धरला. छातीवरचं ओझं उतरलं, आणि मी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघून हसले. तीही हसली. दोरा सुटला नाही.