उपाशी विल्फ्रेदो आणि त्याच्या आईचा भात

बेटाची राजधानी सान हुआन, तिथल्या कृष्णधवल टीव्हीवर शनिवारच्या रंगारंग कार्यक्रमात विल्फ्रेदो पाहुणा विनोदवीर म्हणून यायचा आणि दर वेळी उपाशी गावंढळाचं सोंग करायचा. अख्खं बेट हसून लोळायचं. तिकडे पोन्से गावात शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसलेली त्याची आई एदुविखेस मात्र जळफळायची. "मेल्या, लोकांना वाटेल मी तुला जेवायलाच घालत नव्हते!"

एका शनिवारी तिनं तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात शिजवला, पातेलं फडक्यात बांधलं, बस धरली आणि तरातरा स्टुडिओत घुसली. त्या काळी सगळं थेट प्रक्षेपण; मधे थांबवायची सोयच नव्हती.

"चार दिस पोटात काय नाय हो!" विल्फ्रेदोनं गळा काढला होता.

"नाटकं पुरे! जेव!" तिनं पातेलं त्याच्या पुढ्यात आदळलं.

प्रेक्षकांना तोही विनोदच वाटला. विल्फ्रेदो खाली बसला आणि हातानंच बकाबका खाऊ लागला. लोक पोट धरधरून हसले.

एदुविखेस नाही हसली. पोराचं सोंग कुठलं आणि भूक कुठली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्याजवळ टेकली, पाठीवरून हात फिरवत पुटपुटली, "सावकाश, बाळा. तळची खरवड तुझीच आहे."