पाठराखणीला गेलेला बाप

मांडवातली माणसं पांगली होती, क्रूझरच्या टपावर रुखवताच्या पेट्या बांधून झाल्या होत्या, आणि नेमकी त्याच वेळी मंगलआत्या मोरीतल्या ओल्या फरशीवर घसरली. घोटा बघता बघता टम्म सुजला. नवरीसोबत चार दिवस सासरी राहायला, नव्या घरात तिचा जीव रमेपर्यंत सोबत करायला जाते ती पाठराखीण, आणि सायलीची पाठराखीण मंगलआत्याच ठरली होती. आता ऐनवेळी दुसरी बाई आणायची कुठून? नेकनूरच्या त्या आळीतल्या जाणत्या बाया दिवाळी झाली की बिऱ्हाडासकट ऊसतोडीला जातात. उरलेल्यांपैकी एकीची म्हैस व्यायला आलेली, दुसरीला गाडी लागायची.

"मी जातो," सायलीचा बाप बद्रीनाथ म्हणाला.

बाया फिदीफिदी हसल्या. एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "लुगडं आणू का मग, बद्रीभाऊ?"

मंगल मात्र हसली नाही. तिनं भावाला आतल्या खोलीत बोलावलं आणि आधी दार लावायला सांगितलं. मग भिंतीकडे तोंड करून ती बोलायला लागली. सायलीचं नर्सिंगचं दीड वर्ष राहिलं होतं आणि तोवर तिला मूल नको होतं. साखरपुड्यापासून ती आणि रामेश्वर रोज फोनवर बोलायचे. कुणाला तिखट किती लागतं इथपासून बीडला खोली घ्यायची की एसटीनं ये-जा करायची इथपर्यंत सगळं बोलून झालं होतं. हे तेवढं राहिलं. तो लाजायचा, ती भ्यायची. आणि उद्या सासूनं पाळण्याची वाट बघायला घेतली की पोरीचं शिक्षण तिथंच थांबणार, हे सायलीनं दोन मैत्रिणींच्या घरी डोळ्यानं पाहिलं होतं. म्हणून पाठराखणीनं हा विषय पहिल्या चार दिवसांतच सासूच्या कानावर घालायचा, असं आत्या-भाचीचं ठरलं होतं.

बद्रीनाथचे कान लाल झाले. "हे काय बापानं बोलायचं असतंय का?"

"न्हाई. आईनं बोलायचं असतंय," मंगल म्हणाली. "हाय का आई?"

क्रूझरमध्ये तो मागच्या बाकावर बसला. पुढे सायलीच्या मुंडावळ्या हलत होत्या आणि त्याला छबू आठवत होती.

छबुबाई, त्याची बायको, ही त्या आळीची पाठराखीणच होती म्हणायची. लग्न कुणाच्याही घरचं असो, "छबूवैनीला धाडा" हे ठरलेलं. परत आली की ती चुलीपुढे बसून सगळी हकिकत सांगायची, आणि बद्रीनाथ भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकायचा. पहिल्या संध्याकाळी ती नवरीच्या डोक्याला तेल लावायला बसायची. केसात हात गेला की पोरगी आपोआप बोलायला लागते, असं तिचं म्हणणं. मग ती पोरीला पाळीचं सांगायची, नवऱ्याचं सांगायची, नको वाटलं तर नको कसं म्हणायचं तेही सांगायची.

"हे बी सांगतीस?" तो एकदा दचकून म्हणाला होता.

"मग, गावात माईक लावून सांगू?"

नवऱ्यामुलालाही ती सोडत नसे. त्याला पाणी शेंदायच्या निमित्तानं विहिरीवर न्यायची आणि तिथं चार गोष्टी ऐकवायची. एका घरी नवरा, बायको ताटावर बसल्याशिवाय, घास घेत नाही, हे ती फार कौतुकानं सांगत आली होती. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथही भाकर पुढ्यात घेऊन तसाच बसून राहिला. छबूनं दोनदा वळून पाहिलं. शेवटची भाकर तव्यावरून काढली आणि स्वतःचं ताट त्याच्या ताटाला लावून घेतलं. पुढे कायम तसंच चाललं. संसार कसा करावा हे बद्रीनाथला कुणी शिकवलं नव्हतं; दुसऱ्यांच्या लेकींना छबू जे शिकवून यायची, ते ऐकत ऐकत तो शिकला.

काविळीनं ती गेली तेव्हा सायली सहावीत होती. गावातल्या सगळ्या पोरींना शिकवलं, घरातली राहिली. पुढल्या वर्षी एका सकाळी सायली पोट धरून बसली आणि शाळेत जाईना. बद्रीनाथला उशिरा उमगलं. तो मेडिकलवर गेला, पेपरात गुंडाळलेला पुडा घेऊन आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "कपाटात ठेवलंय." त्या विषयावर बापलेकीत झालेलं तेवढंच बोलणं.

रामेश्वरचं गाव नारायणगडाच्या वाटेवर. चांगली बागायत, स्लॅबचं घर. पाठराखीण म्हणून बाप आलेला पाहून तिथंही हशा पिकला. त्याची खाट ओसरीवर पुरुषांत टाकली. तो गुपचूप उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात पोतं अंथरून बसला. "पाठराखीण इथंच बसती," म्हणाला. सायलीची सासू सावित्रीबाई मोठी खमकी बाई. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लसणाची परडी पुढे सरकवली. "बसलाव तर सोला मग."

तो सोलत बसला. पण जेवायची वेळ झाली की उठायचा आणि पिशवीतली घरून आणलेली भाकर नि शेंगदाण्याची चटणी घेऊन अंगणातल्या लिंबाखाली जायचा. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. मंगल आली असती तर हा प्रश्नच नव्हता, पाठराखीण जेवते. बाप जेवत नाही. आणि बाप पाठराखीण होऊन आला तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवस गेले. गडावर जोडीनं दर्शन झालं, हळद उतरली. रोज सकाळी तो मनात वाक्य जुळवायचा आणि सावित्रीबाई समोर आली की पावसापाण्याचं बोलायचा. पिशवीतली भाकर वाळून खडखडीत झाली. सायली येताजाता त्याच्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी सावित्रीबाई भाकरी थापत होती, सायली पीठ मळत होती, रामेश्वर दुधाची बरणी ठेवायला आत आला होता. बद्रीनाथ आपली पिशवी घेऊन उठला, तशी सावित्रीबाई म्हणाली, "निघाले का लिंबाखाली? असं उपाशी माणूस दारात बसवून आमाला तरी ग्वाड लागतंय का? वरीसभरात नातू देतो तुमाला, मग जेवसान पोटभर."

रामेश्वर खाली बघून हसला. सायलीचा हात परातीतच थांबला.

त्या थांबलेल्या हाताकडे बद्रीनाथ बघत राहिला. मग पिशवी खुंटीला अडकवून तो पोत्यावर परत बसला.

"इहीणबाई, भाकर वाढा. आजच जेवतो."

"आँ? आन रीत?"

"माझ्या जेवणासाठी नातवाची घाई नको." त्याचा आवाज चिरका निघाला, पण तो थांबला नाही. "पोरीचं दीड वरीस राहिलंय. तवर पाळणा नको, असं तिचं म्हणणं हाय. तिची आई असती तर तुमच्या कानात बोलली असती. मला कानात बोलता येत न्हाई."

तव्यावरची भाकर करपली. सावित्रीबाईनं ती उलटली नाही. तिनं सुनेला विचारलं, "खरं हाय?"

"होय, आत्याबाई."

"मला कावून न्हाई बोललीस?" हे रामेश्वर म्हणाला.

"तुमी बी विचारलं न्हाई," सायली म्हणाली.

सावित्रीबाईनं करपलेली भाकर बाजूला काढली आणि दुसरी टाकली. आपल्या पहिल्या बाळंतपणाचं ती तुटक तुटक सांगायला लागली. सोळावं सरलं नव्हतं. कळा कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हतं, शेतात पोटात दुखायला लागलं तर शिळं बाधलं असंल असं वाटलं. ते लेकरू राहिलं नाही. माहेराहून पाठराखीण आली होती, पण ती नुसती जेवून गेली.

"मला वाईट वाटलंय, हे सांगते," ती शेवटी म्हणाली. "आमच्या ह्यांना बी आवडायचं न्हाई. त्यांना मी बघते. दवाखान्यात इचारायचं काय असंल ते दोघं मिळून इचारा." आणि तिनं गरम भाकर, वर पिठलं आणि ठेचा असं ताट बद्रीनाथपुढे सरकवलं.

रामेश्वर बाहेर सटकायला बघत होता. "तू कुठं चाललास बे?" सावित्रीबाई म्हणाली. "बस हितं. पोरीला शिकवायला माणूस येतंय, पोराला कोण शिकवणार? पाव्हणं, सांगा ह्याला बी."

"मी काय सांगू," बद्रीनाथ म्हणाला.

रामेश्वर खरंच समोर मांडी घालून बसला होता, घाबरलेला, कान लालबुंद. बद्रीनाथला त्याची कीव आली, थोडं हसूही आलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि सायलीकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"आमची छबू विहिरीवर नेऊन सांगायची पोरांना. पहिल्यांदा काय म्हणायची ठावं हाय का..."

सायलीनं हात धुतले आणि ती जवळ येऊन बसली. आईचं हे बोलणं ती पहिल्यांदाच ऐकणार होती.