आईंचे गुडघे

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे 'खडूसबाई' म्हणत. ते तिच्या कानावर येई आणि तिला त्यात फारसं खोटंही वाटत नसे. तिच्या औषधांच्या दुकानातल्या एका कपाटाला कायम कुलूप असे. त्यातल्या गोळ्या दुखणं थांबवत, पण सवयही लावत. डॉक्टरनं आपल्याच घरच्या माणसासाठी त्या लिहून दिल्या, की ही बाई नियमावर बोट ठेवून चिठ्ठी सरळ परत करी. बाहेरच्या डॉक्टरांचे रुसवेफुगवे तिनं पचवले होते. पण आता चिठ्ठ्या पाठवत होता तो घरातलाच डॉक्टर, तिचा धाकटा दीर. नाव सासूबाईंचं, दुखणं गुडघ्यांचं.

"भाऊजी, आईंना दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहिलं तर देते," तिनं फोनवर सांगितलं.

"का? माझी डिग्री काय बाजारातून आणलीय, वहिनी?"

झालं! घरात तिच्यावर तोफा सुटल्या. "सख्ख्या दिरावर विश्वास नाही तुझा?" नवरा म्हणाला. सासूबाई तिच्या हातचा चहा घेईनात. नियम करणारे करून मोकळे, शिव्या मात्र हिनं खायच्या. जळो मेलं ते दुकान, असं तिला झालं. त्यात मनात पाल चुकचुकत होती. सासूबाई तिच्याच घरात राहत, आणि गुडघ्यांबद्दल त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. दीर मात्र खंगत चालला होता, बोलता बोलता त्याचे डोळे मिटत. हे घरात बोलावं कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

आणि आज भरदुपारी सासूबाईच नवी चिठ्ठी घेऊन दुकानाच्या पायऱ्या तरातरा चढून आल्या.

"दे गोळ्या. गुडघ्यांनी जीव जातोय माझा."

"मग आत्ता पायऱ्या कुणाच्या गुडघ्यांनी चढलात, आई?"

सासूबाई दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या.

"हात कापतात गं त्याचे," त्या हळूच म्हणाल्या. "गोळी घेतली की थांबतात. माझं नुसतं नाव तर लागतंय. लागू दे की."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आणि घरात वैरीण मी?"

तिनं कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं आणि बाहेर येऊन शटर खाली खेचलं.

"उठा. भाऊजींकडे जायचंय. ही चिठ्ठी त्यांच्या हातात तुम्हीच परत द्यायची. मग त्यांना घेऊन आपण दोघी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"मला नाही जमायचं गं."

"मी आहे ना सोबत. चला."

पायऱ्या उतरताना सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. आता मात्र त्यांचे गुडघे खरोखरच लटपटत होते.