घनता सारखी धरू नका

"ताई, विजया गेली." प्रकाशभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, फोनवर एवढंच सांगितलं. आणि मी काय म्हणावं? "अहो, असं कसं? आज तिचं पहिलं लेक्चर आहे!" ती तर कित्येक आठवडे कॉलेजला आलीच नव्हती… माणसाचं डोकं असं बधिर होतं. महिना उलटला, पण परवापर्यंत मला धड रडता आलं नव्हतं. नुसता संताप यायचा. कुणावर, ते कळायचं नाही.

नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात गणित विभाग म्हणजे आम्ही दोघीच. मी तोंडाची फटकळ, ती चिवट. घनवस्तूचं वस्तुमान इंटिग्रेशनने काढायचं, हा तिचा लाडका धडा. त्यासाठी ती पोरांना थेट मिरचीच्या पथारीवर न्यायची, जिथे बाजारातली मिरची वाळत घालतात. लाल ढिगापुढे उभं करायची नि म्हणायची, "काढा वजन. काटा नाही." कुणीतरी हुशार ढिगाचं घनफळ काढून एका आकड्याने गुणायचा, की झालं! "अरे बाबा, खालची मिरची ओली, दबलेली. वरची कुरकुरीत. घनता सारखी कशी धरलीस? सारखी धरली की उत्तर देखणं येतं, पण खोटं येतं." मग ढिगाच्या मनातल्या मनात पातळ चकत्या करायच्या, प्रत्येकीचं वजन तिच्या तिच्या घनतेने घ्यायचं आणि सगळ्यांची बेरीज. ठसक्याने पोरं बेजार व्हायची, हिचं आपलं चालूच.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. सुरतेच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. औषधांनी गाठ लहान झाली आणि मोठ्या शिरेपासून दूर सरकली, तरच ऑपरेशन. नाहीतर नाही. रिपोर्टात लांबी, रुंदी, जाडी एवढीच मापं. विजया भडकली. "वीट आहे का ती?" स्कॅनच्या फिल्म तिने विभागाच्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावल्या. "बघ गं, चकत्या आयत्याच कापून दिल्यात." मग आम्ही एकेक चकती आलेखाच्या कागदावर उतरवली, चौकटी मोजून क्षेत्रफळं काढली, छटांवरून घनता अंदाजली. वस्तुमान काढलं, वस्तुमानकेंद्र काढलं. आता पुढच्या स्कॅनला वस्तुमान घटायला हवं होतं आणि केंद्र शिरेपासून लांब जायला हवं होतं. माझ्या मैत्रिणीचा जीव या दोन उत्तरांवर टांगला होता, आणि ती गणितं आम्हीच सोडवत होतो.

औषधांनी विजया निम्मी झाली. केस गेले, अन्न जाईना. दुसऱ्या फिल्म आल्या तेव्हा ती धाप टाकत जिना चढून आली. मी बेरीज केली. वस्तुमान वाढलं होतं. केंद्र शिरेकडे सरकलं होतं.

"परत कर."

परत केलं. तेच.

"माझीच एखादी चौकट मोजायची चुकली असेल. चूक शोध ना गं…"

जन्मभर आम्ही दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या, आणि त्या दुपारी एक चूक सापडावी म्हणून मी देवाला हात जोडत होते. सापडली नाही. मग ती हळूच म्हणाली, "घनता सारखी धरून बघ." विजया म्हणाली हे! मी धरली. तरी वाढलेलंच. कागद माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पैकीच्या पैकी."

सुरतेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. पुढचं काय सांगायचं?

परवा तिच्या घरी गेले. प्रकाशभाऊ बाहेर गेलेले. तिच्या सासूबाई ओसरीत काहीतरी शिवत बसलेल्या. जवळ जाऊन पाहिलं, तर तान्ह्या बाळाचं दुपटं. विजयाला मूल नव्हतं, लग्नाला इतकी वर्षं होऊनही. म्हातारीचं डोकं फिरलं की काय?

"आई, हे कुणाचं?"

"पहिल्यांदा सुरत गयथूत ना, तव्हय डाक्टर बोलना, हिन्हा पोटमा मास शे." मान वर न करता त्या आपल्या अहिराणीत सांगत होत्या. "मले वाटनं, देव पावना. मी ईचारं, कितवा मास? कोणी बोलनंच नई."

डॉक्टर गाठीला 'मास' म्हणतात. आम्हीही वर्गात वस्तुमानाला तेच म्हणतो. पण म्हातारीने जन्मभर मास मोजले ते गरोदरपणाचे.

"घर येताच शिवाले लिधं. मंग समजनं, तव्हय आर्धं व्हयेल व्हतं. तिनी देखं. तीच बोलनी, माय, थांबू नको, शिव. मले बरं वाटस." दुपट्याच्या कडेला विजयाच्याच जुन्या साडीचं हिरवं कापड होतं. "आते तू सांग माय, पुरं करू का टाकी देऊ?"

सुईतला दोरा संपला होता. त्यांनी सुई माझ्यापुढे केली. मी दोरा तोंडात ओला केला, सुई डोळ्यांजवळ धरली… आणि महिन्याभराचं सगळं रडं तिथेच फुटलं. दोरा काही ओवला जाईना.