खाच मारलेले दांडे

आमच्या शहरात मोर्चा निघणार हे पोलिसांच्या आधी काकांना कळायचं. काका झेंड्यांचे दांडे करतात. बस आगारामागे पत्र्याची शेड, एक बाक, दोन करवती, तीन रंधे आणि नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. सगळे पक्ष, सगळ्या संघटना शेवटी त्यांच्याच दारात. तत्त्व कितीही उंच असलं तरी फडकायला त्याला दांडा लागतोच.

ऑर्डर ऐकूनच ते मोर्चाची कुंडली मांडायचे. "शांततेचा असला की अंगठ्याएवढा जाड मागतात. निषेधाचा असला की दोन अंगठे. 'स्वाभिमान' शब्द आला की मनगटाएवढा." मी हसायचो.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात काका आणि त्यांची मुलगी. ती शाळेत गणित शिकवते, आमच्या संघटनेत आहे, मला दादा म्हणते. ती मोर्चाला निघाली की काका रंधा हातात घ्यायचे. ती परत येईपर्यंत तो एकाच लाकडावर फिरत राहायचा.

पोलीस कोठडीत एक हमाल मारला गेला, त्या मृत्यूच्या चौकशीसाठी आम्ही मोर्चा काढला. दांडे सांगायला मीच गेलो.

"किती जाड?"

"मनगटाएवढे. दोनशे."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "बाबा रे, पत्रकात तर शांततेचा मोर्चा छापलायस."

"शांततेचाच आहे. समोरचे शांत राहतील याची हमी तुम्ही देता का?"

"मी फक्त लाकडाची देतो," म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल काढली.

मोर्चाच्या दिवशी चौकात विरोधी मोर्चा आडवा आला. हातात झेंडे, पण मागच्या टेम्पोत लोखंडी सळया. सळया बाहेर निघाल्या तशी आमच्या पोरांनी दांडे उगारले. पहिल्याच फटक्याला ते काकडीसारखे मोडले. काकांच्या मुलीनं तर कुणावर उगारलाही नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोक्यावर येणारी सळई अडवायला तिनं आपला दांडा आडवा धरला. दांडा मोडला, सळई तिच्या हातावर बसली. उजवा हात, दोन ठिकाणी.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर पोरांनी मोडके दांडे आणून टाकले होते. उगाच हाताला चाळा म्हणून मी दोन तुकडे जुळवून पाहिले. मग चार. मग सगळे. एकूण एक दांडा बरोबर मुठीच्या वर वीतभर अंतरावर मोडला होता. तिथं करवतीची सरळ खाच, अर्ध्याहून खोल, भुसा आणि सरस भरून घासून गुळगुळीत केलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन तुकडे घेऊन तसाच शेडवर गेलो. पोरीच्या हाताची बातमी काकांना अजून कळलेली नव्हती.

"केसानं गळा कापलात काका! किती घेतलेत त्यांच्याकडून?"

"ओरडू नकोस. बस."

"बसायला नाही आलो मी!"

"मग उभा राहून ऐक." त्यांनी बाकावरचा भुसा तळहातानं बाजूला केला. "बावीस वर्षांपूर्वी मला कोर्टात बोलावलं होतं. टेबलावर एक दांडा ठेवलेला. वकील म्हणाला, हा तुमच्या हातचा का? माझ्याच हातचा होता, अस्सल, कुठं तडा नाही. त्यानं एका कापडाच्या दुकानातला नोकर मेला होता. तेव्हापासून माझ्याकडून धड दांडा कुणालाच गेलेला नाही. ना तुम्हाला, ना त्यांना. एक फटका, की हातात तुकडा. तुकडा घेऊन माणूस काय लढणार? थोडा वेळ उभा राहतो, मग त्यालाच लाज वाटते. मोडलेले तुकडे जुळवून बघायला आजवर कुणी बसलं नाही."

"त्यांचेही असेच होते?"

"याच आठवड्यात तीनशे नेलेत त्यांनी. म्हटलं, दोन्हीकडचे मोडतील आणि जातील घरी."

"त्यांनी सळया आणल्या होत्या, काका."

बावीस वर्षं हा माणूस समजत होता की गावातली सगळी मारामारी त्याच्या शेडमधूनच जाते. मी शिवी देणार होतो, पण त्यांनी आधी विचारलं, "पोर कुठाय?"

सांगितलं. ते उठले, रंधा जागेवर ठेवला, शेडला कुलूप लावलं. वाटेत एवढंच म्हणाले, "खाचेचं तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. मी सांगतो. ती घरी यायची नाही म्हणाली तरी तू मध्ये पडायचं नाहीस."

खाटेशेजारी उभं राहून त्यांनी कोर्टापासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती. प्लास्टर अजून ओलं होतं.

"माझ्याही दांड्याला मारली होती?"

"तुझ्या तर सगळ्यात आधी."

"का?"

"तुझ्या हातून कुणी मरू नये म्हणून."

"आणि कुणाच्या हातून मी मेले असते तर?"

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, संपलं. पण ती तशीच पाठमोरी म्हणाली, "लपवून का केलंत, बाबा? सांगून केलं असतंत तर सळई बघून मी पळाले तरी असते. मी त्या लाकडावर विसंबून उभी राहिले." मग माझ्याकडे न बघताच, "आणि दादा, मनगटाएवढे कुणी मागितले होते?"

मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि बाहेर पडलो.

ती घरीच गेली. राग गेला म्हणून नाही. एका हातानं वेणीसुद्धा घालता येत नाही, आणि दुसरं होतं कोण? काका तिचे केस विंचरतात, वाकडा भांग पाडतात, ती ओरडते. तेवढंच बोलणं.

खाचेची बातमी पसरली आणि सगळ्याच पक्षांनी काकांकडे पाठ फिरवली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या एका ठरावावर एक झाले. आता काका फावड्याचे आणि झाडूचे दांडे करतात.

हमालाच्या मृत्यूच्या चौकशीचं अजून काहीच झालेलं नाही. म्हणून पुढचा मोर्चा ठरला आणि मी पुन्हा शेडवर गेलो. काकांची मुलगी डाव्या हातानं काचकागद घासत बसली होती.

"देतो," काका म्हणाले. "पण खाच मारूनच. आणि मोर्चाच्या आधी तू माईकवरून सांगायचं, की आमचे दांडे मोडणारे आहेत. दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं."

"असं सांगितल्यावर येईल कोण, काका?"

"मी येईन," मुलगी म्हणाली.

"संघटनेच्या समितीला विचारावं लागेल."

"विचारा की. समिती म्हणजे तरी तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" ती म्हणाली.

मी उठलो. येताना नव्या बाजारातल्या सुताराकडे गेलो आणि दीडशे दांडे सांगून आलो. त्यानं विचारलं, किती जाड? मी त्याच्यापुढं मनगट धरलं.