पपईचा चीक

दहा डिसेंबर, बुधवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शांतावहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. हे रक्त ओकून राह्यले." मी पोहोचलो तेव्हा पुंडलिक पपईच्या झाडाखाली बसला होता, शेजारी अर्धी भरलेली टोपली. गाडीत त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. इच्चोडा मागे पडला आणि त्याचे बोलणे थांबले... आदिलाबादच्या दवाखान्यात पोहोचून फक्त मृत्यूचे कागद झाले.

बोथला आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी शाळेत शिकवले, त्याने भाजी आणि पपई पिकवली. गल्लीत मटण शिजायचे असले की ते मऊ व्हावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावायला त्यालाच बोलावणे जाई. मी फळाला हात घातला की तो ओरडे, "मास्तर, आधी तेल! चीक लागला तर बोटं सोलतीन, मंग खडू कायनं धरशीन?" कुंपणाच्या खांबाला तेलाची बाटली कायम टांगलेली असे.

दिवाळीनंतर त्याचे पोट असह्य दुखू लागले. स्वादुपिंडाला सूज आली होती. हा लपून पीत असावा, अशी कुजबुज झाली. डॉक्टरांनीही विचारले, तेव्हा त्या वेदनेतही तो म्हणाला, "साहेब, शिंदीच्या झाडाखाली नुसता उभा राह्यलो तरी बायको घरात घेत नाही." दोष पित्ताशयातून सुटलेल्या खड्याचा होता, त्याने पाचकरसाची वाट अडवली होती. डॉक्टरांनी समजावले: हा रस आतड्यात जाऊन कामाला लागायचा, तो ग्रंथीतच जागा झाला, बाहेर झिरपला आणि आता भोवतालचे मांस पचवतो आहे. जवळच्या रक्तवाहिनीची भिंतही तो कुरतडू शकतो. ती पातळ होते, फुगते, एखाद्या दिवशी फुटते. म्हणून दुखो वा न दुखो, पुन्हा स्कॅनला यायचेच. फुगवटा वेळेत दिसला तर तो आतून बुजवता येतो.

"म्हंजे पपईचा चीकच की!" पुंडलिक म्हणाला. डॉक्टर हसले, मान हलवली. त्याला इतके नेमके कळले, आणि त्याच समजुतीने घात केला. घरी आल्यावर दुखणे थांबले. वहिनींनी विचारले, "स्कॅनले जा नं. काऊन टाळून राह्यले?"

"चीक वाळला, शांते. वाळला का लागत नाही. एवढा पपईचा तोडा होऊ दे."

चीक वाळल्यावरच दुसऱ्या दिवशी कातडे सुटते, हे त्याच्या बोटांनी जन्मभर पाहिले होते. पोटाच्या बाबतीत त्याला ते आठवले नाही. दुखणे थांबले, तोवर भिंत खाऊन झाली होती.

तो पीत नव्हता. गल्लीतल्यांनी हे वाचावे. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी दुखणे थांबले म्हणून तपासणी थांबवू नये.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो. टोपली झाडाखाली तशीच होती. पहाटे बाजाराचा टेंपो येणार होता. मी खांबावरची बाटली काढली, दोन्ही हातांना तेल चोळले, आणि झाडावर राहिलेल्या पपया उतरवून टोपली भरली.