लेपमायचा डावा हात

लेपमायचा डावा हात पाहिला की नवखं माणूस दचकायचंच. मनगटापासून कोपरापर्यंत कुठे काळा डाग, कुठे पांढुरका, कुठे जुनी खपली. आमच्या घरच्या वाकळेलाही इतकी ठिगळं नव्हती. तिला मात्र त्याची तिळभर लाज नव्हती. दारात कुणी आलं की पदर सारून तो हात पुढे करायची आणि म्हणायची, "पयले माही कातडी, मंग तुही."

अमरावतीच्या परकोटाच्या आत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची एक खोली होती. लग्नाच्या मुलींसाठी ती लेप करायची. मसुराचं पीठ, आंबेहळद, बावची, कपूरकाचरी हे तर सगळेच घालतात. पण गालावर वांग असेल, काळसर डाग असतील, तर लेपमायकडेच यावं लागे. बिब्ब्याला दाभण टोचून ती तो दिव्यावर धरायची आणि सुटलेल्या तेलाचा थेंब लेपात मिसळायची. आता बिब्बा म्हणजे काय खेळ आहे? एखाद्याला सोसतो, एखाद्याला असा उततो की अंगभर फोड येऊन माणूस आडवं होतं. म्हणून प्रत्येक नवा लेप आधी तिच्या डाव्या हातावर रात्रभर राहायचा. सकाळी हात बरा दिसला तरच वाटी बाहेर निघे. कुणी घाई केली तर खेकसायची, "कापूस हाय का थो, आज वेचला अन् उद्या इकला?"

आणि घाई तर तेव्हा अख्ख्या वऱ्हाडाला सुटली होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांना सगळंच लवकर हवं झालं. माडी लवकर, जावई लवकर आणि मुलीचा रंगही लवकर. पूर्वी महिनाभर अगोदर येणाऱ्या बाया लग्न तोंडावर आलं की बैलबंड्या जुंपून येऊ लागल्या. लेप घेतला की त्याच पावली परत. लेपमायच्या दारात इतकी वर्दळ मी पाहिली, पण आत पाटावर बसून तिच्याशी दोन शब्द बोलणारं कुणी पाहिलं नाही.

तिचा नवरा बंडीवाला. कापूस लादून मुंबईच्या वाटेला गेला तो परत आलाच नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत कुणी पाहिला नाही. ती आपली बारीकसं कुंकू लावायची. गावाला ते पुसवेना आणि मानवेना. लग्नघरची हळद तिच्या जात्यावर दळलेली चालायची, पण नवरीला ती लावायला सवाशिणी बोलावल्या की तिचं नाव बरोब्बर गळायचं. वाजंत्री सुरू झाली की ती दाराला आतून कडी घालून बसायची.

"तू काहून येत नाई वं हळदीले?" मी एकदा विचारलं.

"बलावलं तं येईन ना, बाई. इतक्या पोरीईले लेप लावला, पण एकीच्याबी गालाले माह्या हातची हळद लागली नाई."

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की माझी हळद पहिली तूच लावायची. लहान तोंडी मोठा घास! ती हसली, पण तो शब्द तिनं मनात धरला.

पुढे मला अकोल्याचं स्थळ आलं. मुलाच्या आत्यानं माझी हनुवटी वर करून गालावरचं वांग उजेडात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आईनं ठोकून सांगितलं, लग्नात दिसणार नाही. लग्न तर उंबरठ्यावर आलेलं. आई तशीच लेपमायकडे गेली. "यंदा तेज कर लेप. पोरीचं वांग गेलं, तं हळदीले पयली तूच," असं म्हणाली. माझी आई असं काही सहज बोलणारी बाई नव्हती. लेपमायचे डोळे भरून आले.

तिनं बिब्बा वाढवला. तरी आपली रीत सोडली नाही. एका रात्रीऐवजी दोन रात्री लेप हातावर ठेवला आणि सकाळी हरखून मला हात दाखवला. "पाह्य, काई नाई झालं!" खरंच काही झालं नव्हतं.

माझ्या गालावर मात्र संध्याकाळपर्यंत निखारा ठेवल्यासारखी आग सुटली. दुसऱ्या दिवशी फोड आले, एक डोळा सुजून मिटला. लेपमाय कोथिंबिरीचा रस आणि खोबरेल घेऊन धावत आली, उशाशी बसली. "असं कसं झालं वं? माह्या हाताले तं काईच नाई झालं!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आईचा संताप अनावर झाला. तिनं लेपमायचा तोच हात धरला आणि नखं रुतवली. रक्त आलं. लेपमाय मात्र माझ्या गालाकडेच पाहत होती. तिला कळलंच नव्हतं.

आईनं हात सोडला. मग लेपमायनं खाली पाहिलं, ते रक्त पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं. इतक्या वर्षांचे लेप सोसून ती कातडी केव्हाच मेली होती. ती उठून गेली.

लग्न लांबलं. मुलगा शहाणा, थांबतो म्हणाला. फोड बरे झाले, वांग होतं तिथेच राहिलं. पण लेपमायच्या दारात पुन्हा बंडी थांबली नाही. माझ्या हळदीला तिला बोलावणं तर सोडाच, तिच्या जात्याची हळदही आईनं आणली नाही. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. दिवाळीला माहेरी आले तेव्हा खोलीला बाहेरून कडी होती. ती कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. गल्लीचा मला त्याबद्दल अजून राग आहे.

तिची माझी शेवटची भेट झाली ती माझ्या पाठवणीच्या दिवशी. बंडी गल्लीच्या तोंडाशी आली तशी मी खाली उतरले. आई मागून ओरडत राहिली. मी दार वाजवलं. लेपमायनं कडी काढली आणि मला पाहताच डावा हात पदराखाली घेतला.

मी हळदीचा करंडा उघडून गाल पुढे केला. "लाव."

"नाई वं बाई. माह्या हाताचा आता भरोसा नाई. अजून काई झालं तं?"

"मंग मीच तुले लावतो," मी म्हणाले आणि तिचा हात पदराबाहेर ओढला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रडत होती, मला दिसू द्यायचं नव्हतं. मी मनगटापासून सुरुवात केली, एकेका डागावरून हळद चोळत वर गेले. बाहेर बंडीवाला हाका मारत होता.

"लाव ना वं लवकर," भिंतीकडे पाहतच ती म्हणाली. "बंडी खोळंबली अशीन."

तिचा हात तोवर कोपरापर्यंत पिवळा झाला होता.